एकाच सालीवरच्या दोघी

नाक सालीला टेकेल इतकं जवळ या. भिंग डोळ्याला लावा आणि डोकं झाडाकडे न्या. भिंग झाडापाशी धरून लांबून बघणाऱ्याला नुसती धूसर साल दिसते. आता जरा डावीकडे, त्या भेगेच्या कडेला.

लाल दाणे दिसले? कुंकवात घोळवलेला बारीक रवा कुणी चिमटीनं सोडावा तसे. सुटे नाहीत, पंधरा-वीसच्या पुंजक्यात दाटीवाटीनं बसलेले. एकेक दाणा लिंबाच्या आकाराचा, टोकाला बारीक बोंड. ऑक्टोबर संपत आलाय, रात्रभर पाऊस पडून गेलाय, आणि तुम्ही अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समध्ये बीचच्या एका झाडाला चिकटून उभे आहात. बीच म्हणजे कळंगुटचा नव्हे. हा बीच ओकच्या कुळातला वृक्ष आहे. सह्याद्रीत शोधायला जाऊ नका, मिळायचा नाही.

हे दाणे बुरशीची फळं आहेत. कुठल्या बुरशीची, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे. उमेदवार दोनच: निओनेक्ट्रिया फॅगिनाटा आणि निओनेक्ट्रिया डिटिसिमा. दोघींची फळं लाल, दोघींची एवढीच, दोघी याच सालीत शिरतात आणि ती एकाच तऱ्हेनं मारतात. जन्मभर जंगलात काढलेला माणूससुद्धा नुसतं बघून छातीठोकपणे नाव सांगणार नाही. सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

चाकूच्या टोकानं दोन-तीन दाणे उचलून कागदाच्या पुडीत घाला. पुडी खिशात. सूक्ष्मदर्शक पुढे येईलच, पण तो नाव सांगेल, स्वभाव सांगणार नाही. दोघींमधला खरा फरक समजायचा तर एकाच जागी वर्षानुवर्षं परत परत यावं लागतं. तुमच्याकडे तेवढं आयुष्य नाही, म्हणून एक सोय करू.

तळहात सालीवर सपाट ठेवा. गार लागते, आणि कशी गुळगुळीत आहे बघा, हत्तीच्या पायाला लावावा तसा हात. आंबा, बाभूळ, कडुनिंब म्हातारे होतात तशी त्यांची साल फाटते, खपल्या धरते. निरोगी बीच तसं करत नाही. कोवळेपणी जी कातडी आली तीच ताणत ताणत तो दोन-तीनशे वर्षं वागवतो. म्हणून तर प्रेमिकांना बीचच्या खोडावर चाकूनं नावं कोरायचा मोह होतो: कोरलेलं पुसलं जात नाही. हात तसाच ठेवून डोळे मिटा. जगात जिथं बीच होता, तिथं हव्या त्या वर्षी तुम्हाला जाता येईल.

डोळे उघडा. साल मनगटाएवढी बारीक झालीय.

वर्ष साधारण १८९०, गाव हॅलिफॅक्स, कॅनडाचा अटलांटिक किनारा. समुद्राचा खारा वास, कोळशाचा धूर, आणि तुमच्या हाताखाली युरोपातून जहाजानं आलेलं बीचचं रोप; मुळांभोवती माती बांधलेली. ही इथली पब्लिक गार्डन्स. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून १८८७ मध्ये बांधलेला बँडस्टँड अजून नवाकोरा दिसतोय. वाफे फूटपट्टीनं आखल्यासारखे आहेत. साहेबाला आपल्या देशाची झाडं परक्या मुलखात बघायची हौस मोठी. पुण्या-मुंबईच्या बागांतून ती हौस आपणही पाहिलेली आहे.

रोपाच्या खोडावर, फांदी फुटते त्या बेचक्यात, पांढरं काहीतरी चिकटलंय. माळी अंगठ्यानं पुसतो आणि पुढच्या रोपाकडे वळतो. तुम्ही पुसलं नसतंत. तुमच्या घरी सीताफळाचं झाड असेल, नाहीतर कुंडीत जास्वंद, तर हे कापसासारखं पांढरं काय असतं हे तुम्ही बघताक्षणी ओळखता: पिठ्या ढेकूण! अगदी तोच नाही, पण त्याच गोतावळ्यातला. ही बीचवरची खवले कीड, क्रिप्टोकॉकस फॅगिसुगा. मेणाच्या धाग्यांची लोकर बाजूला सारली की आत पिवळी, जेमतेम मिलिमीटरभर गोळी दिसते. प्रौढ किड्याला पाय नाहीत, पंख नाहीत. नर तर या जातीत नाहीतच. सगळ्या माद्या, आणि प्रत्येक मादी नराशिवाय अंडी घालते. म्हणजे एक पोचली तरी पुरे.

तोंडाची सोंड मात्र अंगापेक्षा लांब, दोन मिलिमीटरपर्यंत. ती सालीत खुपसली की कीड आयुष्यभर तिथंच बसून रस पिते. हलते ती फक्त लहानपणी. उन्हाळ्याच्या अखेरीस अंड्यातून पाय असलेली पिल्लं निघतात आणि वाऱ्यावर, पाखरांच्या पायांना, माणसाच्या कपड्यांना चिकटून पुढच्या झाडावर जातात. या किडीचं मूळ घर काळ्या समुद्राच्या आसपास, काकेशसच्या बाजूला असावं, असं पुढे तिच्या डीएनएवरून निघालं. तिथल्या पौर्वात्य बीचशी तिचं जुनं जमलेलं आहे. अमेरिकन बीचनं तिला कधी पाहिलेलंच नाही.

बुरशी अजून कुठंच दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

हात न काढता वर्षं जाऊ द्या. पुसलेली लोकर पुढच्या वर्षी पुन्हा येते. पिल्लं बागेचं कुंपण ओलांडतात. १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचं प्रवासी कबूतर मरतं; बीचच्या तिकोनी बियांवर तुटून पडणारे त्यांचे थवे कधीकाळी आभाळ झाकत. १९१७ च्या डिसेंबरात हॅलिफॅक्सच्या बंदरात दारूगोळ्यानं भरलेलं जहाज फुटतं आणि शहराचा उत्तर भाग भुईसपाट होतो. किडीला या कशाशी देणंघेणं नाही. ती वाऱ्याच्या चालीनं चाललीय.

१९३०. आता हात जाड खोडावर आहे, नोव्हा स्कॉशियाच्या रानात. खोड पांढरं झालंय, चुन्याचा हात दिल्यासारखं. आणि या पांढऱ्यात तुम्हाला लाल दिसतं.

जॉन एर्लिक नावाचा संशोधक या रानांत फिरतोय. झाडं मरताहेत, पण कशानं? कीड म्हणावी तर नुसती कीड असलेली झाडं वर्षानुवर्षं तग धरून आहेत. बुरशी म्हणावी तर धड सालीत ती शिरत नाही. १९३४ मध्ये त्याचा शंभर पानांचा निबंध छापून आला. त्याच्या शीर्षकातच उत्तर आहे: कीड लागल्यावर तिच्या पाठोपाठ येणारा नेक्ट्रिया (निओनेक्ट्रियाचं तेव्हाचं नाव) बुरशीचा रोग. आधी सुईनं भोकं पडायची, मग भोकांतून चोर शिरायचा. या बुरशीला स्वतःचं नाव मिळायला १९४३ उजाडलं. लोमन आणि वॉटसन यांनी तिला युरोपातल्या नेक्ट्रिया कॉक्सिनियाची पोटजात ठरवून ‘फॅगिनाटा’ म्हटलं. फॅगस म्हणजे बीच. आडनावच बीचचं लावलेली बाई.

पण ही गोष्ट एकीची नाही. दुसरीला भेटायला फार आधी जावं लागेल, आणि थोडं वाकड्या वाटेनं.

१८६५, पॅरिस. तुमचा हात लाकडी टेबलावर आहे. बीचचं लाकूड असलं की ही सोय टेबलावरही चालते, असं आपण धरून चालू. समोर तुलान बंधू. थोरले लुई-रने कायदा शिकलेले, धाकटे शार्ल डॉक्टर, आणि दोघांचाही जीव बुरशीत. बुरशीच्या फळांवरच्या त्यांच्या ग्रंथाचा तिसरा खंड यंदा निघतोय. चित्रं शार्लच्या हातची. ती बघताना आजही वाटतं, की कॅमेरा नव्हता तेच बरं झालं. याच खंडात ‘नेक्ट्रिया डिटिसिमा’ हे नाव आहे. लॅटिनमध्ये डिटिसिमा म्हणजे सगळ्यांत श्रीमंत. शास्त्रज्ञांना कधी कधी पुढचं दिसतं की काय कोण जाणे, कारण या बुरशीची श्रीमंती नंतर कळत गेली ती तिच्या घरांच्या संख्येवरून. सफरचंद, नासपती, बर्च, मेपल, अक्रोड अशा कितीतरी झाडांवर ती सुखानं नांदते. इंग्लंडपासून न्यूझीलंडपर्यंत सफरचंदाचे बागायतदार तिला ओळखतात ते फांदीला विळखा घालून ती वाळवणारी कँकर म्हणून. बीच तिच्या अनेक घरांपैकी एक.

म्हणजे या दोघी नात्यानं चुलत बहिणी, आणि एकाच घरात पडल्या म्हणून जावाही. एकीला गावभर हक्काची घरं. दुसरीला हे एवढं एकच.

टेबलावरून हात उचला. १९८१, वेस्ट व्हर्जिनिया, मोनॉन्गहेला राष्ट्रीय वनातला डोंगर. इथं आपल्याला थांबायचंय, कारण तुलना करायला याहून चांगली जागा नाही.

यंदाच रोगाचा पत्ता लागलाय इथं. सगळे चकित, कारण रोगाची ज्ञात हद्द अजून शेकडो मैल उत्तरेला आहे. कीड मधली राज्यं सोडून उडी मारून आलेली दिसते. भोवती बघा: बीच, त्याच्या शेजारी पिवळा बर्च, साखरी मेपल, वर चढावर स्प्रूस. मिश्र रान आहे. बीचवर पांढरी लोकर नुकती दाटू लागलीय. उन्हाळा सरताना एका खोडावर तुम्हाला डाग दिसतो: गंजाच्या रंगाचं पाणी सालीतून झिरपून खाली ओघळलेलं आणि वाळलेलं. नागपूर-अमरावतीकडच्या संत्रा बागायतदाराला हे बघून धस्स होईल. आपल्याकडे डिंक्यात असंच होतं. तिथं साल फुटून डिंक येतो, इथं तांबूस पाणी. रोग वेगळे, रोगकारक वेगळे, पण झाडाची तक्रार करायची भाषा तीच.

चाकूनं डागाखालची साल खरवडा. वरून साबूत दिसणारी साल आतून विटकरी झालीय आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी निघते. कडेला गेल्यावर पांढरट-हिरवी, जिवंत साल लागते. त्या कडेवर युद्ध चालू आहे. झाड बुरशीभोवती बुचासारख्या पेशींची भिंत घालू बघतंय. घाव एखादा-दुसरा असेल तर भिंत पुरी होते, बुरशी आत कोंडते आणि सालीवर देवीच्या व्रणासारखा खड्डा राहतो. पण किडीनं खोडभर लाखो भोकं पाडून ठेवली असतील तर घाव एकमेकांना भेटतात. खोडाला पूर्ण वळसा पडला, की पानांनी केलेलं अन्न मुळापर्यंत उतरायचं थांबतं.

आता थेंबाथेंबानं बघू. शरद ऋतूतला पाऊस सुरू आहे आणि तुम्ही त्या लाल दाण्याएवढे लहान झाला आहात. दाणा पाणी पिऊन फुगतो. त्याच्या पोटात लांबट पिशव्या उभ्या आहेत, प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू, प्रत्येक बीजाणू मधोमध पडदा असलेला, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडासारखा. पाणी पुरेसं मिळालं की बोंडाच्या छिद्रातून ते बाहेर पडतात. मध्येच पाऊस थांबून वारा सुटला, तर अर्धवट बाहेर आलेले बीजाणू टोकावर सुकून बसतात आणि लाल दाण्याला पांढरं टोपरं येतं. उडालेला एखादा बीजाणू किडीनं सोडलेल्या भोकापाशी पडतो, ओलाव्यात रुजतो आणि त्याचा धागा आत उतरतो. हे दोघींचं सारखंच. इथंपर्यंत तुम्ही कुणाच्या पोटात होता हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

बाहेर या, माणसाएवढे व्हा, आणि दाणा सूक्ष्मदर्शकाखाली चिरडा. योगायोगाचा भाग म्हणजे कॉटर आणि ब्लँचर्ड या दोघांनी याच १९८१ मध्ये या बुरशा ओळखायच्या कशा हे छापून टाकलंय. खूण बीजाणूंच्या आकारात आहे. डिटिसिमाचे मोठे, भरदार. फॅगिनाटाचे त्यांच्या मानानं लहान. दोन्ही काचा शेजारी ठेवल्या तर बासमती आणि आंबेमोहोर ओळखण्याइतकं सोपं. एकच काच असेल तर मोजपट्टी लावा. तुमच्या काचेवर काय आहे?

मोठे. डिटिसिमा.

पुढच्या झाडाचे दाणे आणा. मोठे. त्याच्या पुढचे? मोठे. या डोंगरावर पहिल्या वर्षांत हीच सगळीकडे सापडते, आणि जरा विचार केला तर त्यात नवल नाही. ती बाहेरून आलेलीच नाही. पलीकडच्या बर्चच्या फांदीवर, मेपलच्या जुन्या घावावर ती आधीपासून नांदत होती. बीचच्या सालीत तिला एरवी शिरकाव नव्हता. किडीनं दारं उघडली आणि शेजारीण आत आली, एवढंच. इथं एक लक्षात ठेवा: ज्याला आपण आक्रमण म्हणतो त्यात पहिली आत शिरणारी बऱ्याचदा गावातलीच असते.

आता सालीवर हात ठेवून दहा-बारा हिवाळे जाऊ द्या. घाई करू नका; हिवाळ्यात इथं काय होतं तेही बघून घ्या. कोवळ्या बीचची पानं गळत नाहीत, भुऱ्या कागदासारखी फांदीवर फडफडत राहतात. पारा उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेला तर उघड्या खोडावरची कीड मरते, पण बर्फाखाली गाडलेल्या बुंध्यावरची शाबूत राहते आणि उन्हाळ्यात वर चढते. असा गारठा या डोंगरावर क्वचितच. कीड वाढत राहते.

१९९४. त्याच झाडांवरचे दाणे, तीच पद्धत. काच लावा.

लहान.

पुढचं झाड. लहान. त्याच्या पुढचं एक मोठं, मग पुन्हा लहान, लहान. अमेरिकेच्या वनसेवेतला डेव्हिड ह्यूस्टन कनेटिकटच्या हॅम्डनमध्ये बसून नेमकं हेच मांडतोय. त्याचा यंदाचा निबंध म्हणतो, की रोग नवा असताना डिटिसिमा पुढे असते, आणि काळ जातो तशी फॅगिनाटा तिची जागा घेत जाते. त्या काळी दोघींची नावं वेगळी होती, पण माणसं तीच. जी फक्त बीचच्या घरची, ती उशिरा येते आणि घर ताब्यात घेते. जिला अनेक घरं, ती आधी येते आणि मग आपल्या बर्चकडे, मेपलकडे परतते, म्हणजे तिथून हललेलीच नसते. कधी कधी एकाच खोडावर दोघींची फळं हातभर अंतरावर सापडतात.

मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतला हा भाग सर्वांत विलक्षण आहे, आणि कुठल्याही काचेवर तो दिसत नाही. एका दिवशी, एका झाडावर या दोघींत सांगण्यासारखा फरक जवळजवळ नाही. फरक पडतो तो तुम्ही त्याच डोंगरावर पुन्हा केव्हा येता यावर.

प्रयोगशाळांकडे जाता जाता फक्त डोकावू. २००२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दोघींच्या अनुवंशाचे नमुने तपासले. डिटिसिमात विविधता भरपूर, जुन्या गावच्या लोकांत असावी तशी. फॅगिनाटात कमी, जणू मूठभर माणसांनी कुठून तरी येऊन वस्ती केली. २००६ मध्ये अमेरिकेच्या मेरिलंडमधल्या बेल्ट्सव्हिलला कॅसलबरी, रॉसमन आणि हायटन यांनी डीएनएच्या आधारे नावं लावून दिली. ‘गॅलिजेना’ या नावानं इतकी वर्षं जी ओळखली जात होती ती तुलान बंधूंचीच डिटिसिमा निघाली. फॅगिनाटा कॉक्सिनियाची पोटजात राहिली नाही, स्वतंत्र जात झाली. आणि तिथंच एक चमत्कारिक गोष्ट ठळक झाली: युरोपातल्या बीचवर कॉक्सिनिया सापडते, फॅगिनाटा नाही, अमेरिकेत फॅगिनाटा सापडते, कॉक्सिनिया नाही. म्हणजे जी वागण्यानं पाहुणी वाटते, तिचं मूळ गाव नकाशावर दाखवता येत नाही. परदेशात जन्मलेल्या मुलांना ‘मूळचे कुठले’ असं विचारल्यावर त्यांची जी पंचाईत होते, ती या बुरशीचीही.

चला, व्हाइट माउंटन्सला परत. पण लगेच आपल्या झाडापाशी नको. आधी त्याच्या आजूबाजूचं रान बघा.

अॅलेक्स शायगो यानं १९७२ मध्ये या रोगाच्या वाटचालीचे टप्पे पाडले होते. पुढे नुसती कीड असलेला पट्टा, मागोमाग मोठी झाडं मरण्याचा पट्टा, आणि शेवटी सगळं होऊन गेल्यानंतरचं रान. तुम्ही त्या शेवटच्यात उभे आहात. थोराड बीच फारसे उरलेले नाहीत. काही उभ्या उभ्या कमरेतून मोडलेत. बुरशीनं मारलेल्या सालीच्या आत लाकूड पोखरणाऱ्या इतर बुरशा आणि भुंगेरे शिरतात, मग एखाद्या वादळी रात्री खोड काडीसारखं तुटतं. एका जुन्या, मेलेल्या खोडावर ओळीनं काळे ओरखडे आहेत, पाच पाच. अस्वलाच्या नखांचे. पानगळीत बिया खायला ते चढायचं. ओरखडे वर जातात, फांदीपर्यंत. फांदी आता नाही.

आणि खाली? खाली बीचच बीच. मोडलेल्या झाडांच्या मुळांतून फुटलेले धुमारे, बोटाएवढे, मनगटाएवढे, इतके दाट की आडवं होऊन वाट काढावी लागते. दुसऱ्या झाडांच्या रोपांना उन्हाचा तुकडा मिळत नाही. हे धुमारे त्याच आजारी झाडांची लेकरं, नव्हे, तीच झाडं. चार-सहा इंच जाड झाली की कीड येईल, आणि पाठोपाठ दुसरी कुणीतरी. रोगानं बीच संपवला असं म्हणायला जावं तर रान बीचनं गच्च. वाचवला म्हणावं तर त्यातला एकही धड मोठा होत नाही.

आता तुमचं झाड. पुडी काढा, दाणा पाण्याच्या थेंबात चिरडा. लहान. फॅगिनाटा. इतकी वर्षं फिरून आल्यावर हे उत्तर तुम्हाला काच लावायच्या आधीच ठाऊक होतं, नाही का? पण सवय सोडू नका, काच लावत जा.

इथून चाळीस पावलांवर ओढ्याच्या काठी एक बीच आहे, त्याच्याकडे चला. मिठी मारली तर हात पुरणार नाहीत एवढा. साल स्वच्छ, वरपासून खालपर्यंत. एक व्रण नाही, लोकरीचा धागा नाही. भोवतालचे सगळे गेले आणि हा उभा. असे बीच साधारण शंभरात एखादे असतात. त्यांच्या सालीवर कीड जगत नाही. नशिबानं वाचला की खरोखर दणकट आहे हे पारखायची युक्ती ह्यूस्टननं काढली, आणि ओहायोतल्या डेलावेअरच्या वनसेवा प्रयोगशाळेत जेनिफर कॉक यांनी तिच्यावर पुढचं काम उभं केलं. दणकट झाडांच्या फांद्या कलम करायच्या, त्यांच्या बागा लावायच्या, बी धरायचं. आपल्याकडे हापूसची कलमं बांधणाऱ्या हाताला यातलं काही नवं नाही; फक्त फळाऐवजी साल निवडायची.

युक्ती तुम्हीच करून बघा. शेजारच्या लोकरी झाडावरून मऊ कुंचल्यानं अंडी झाडून घ्या, पिवळी, पिठासारखी. फोमच्या चौकोनी तुकड्यावर मोजून टाका. तुकडा अंड्यांची बाजू आत करून या स्वच्छ सालीवर दाबून बांधा. वर पाणी शिरू नये असं आवरण. म्हणजे पाऊस, वारा, मुंग्या यांची सबब नको; कीड जगली नाही तर ती सालीमुळेच. आता वर्षभर थांबायचं. हात ठेवा.

वर्ष झालं. दोरा सोडा, तुकडा उचला, भिंग लावा. फोमच्या भोकांत वाळलेली टरफलं आहेत. सालीवर काही नाही. पिवळा ठिपका नाही, पांढरा धागा नाही. कॉपी करायची संधी देऊनही पेपर कोरा.

एक मात्र इथं कुणी मोठ्यानं बोलत नाही. हे झाड किडीला दाद देत नाही, बुरशीला नव्हे. चाकूनं इथं खोल घाव करून फॅगिनाटाचे किंवा डिटिसिमाचे बीजाणू भरले, तर दोघींपैकी कुणालाही ते अडवेल असं समजू नका. याची सगळी ताकद दार बंद ठेवण्यात आहे.

परत निघताना ओढ्याच्या पलीकडे एक पिवळा बर्च दिसतो. साल सोनेरी, कुरळ्या पापुद्र्यांची. खोडाच्या मध्यावर जुना घाव आहे, एकात एक वर्तुळं पडलेला, नेमबाजीच्या फळीसारखा. दर वर्षी झाडानं एक कडा चढवली, दर वर्षी बुरशीनं ती खाल्ली, कुणीच जिंकलं नाही. सगळ्यांत आतल्या वर्तुळाच्या काठाला रात्रीच्या पावसानं फुगलेले चार लाल दाणे.

चाकू, थेंब, काच. पिशवीत आठ बीजाणू. मोठे.

पुडीवर लिहा: पिवळा बर्च, डिटिसिमा. स्वच्छ बीचपासून अंतर, सहा पावलं.